पाळण्यातला वरवंटा

आपला मुलगा आपल्याच शहरात येणार आणि येण्याआधी हॉटेल बघून ठेवणार, हे ऐकायची पाळी माझ्या दुश्मनावरही येऊ नये. माझे दुश्मन फारसे नाहीत. जन्मभर शाळेत भूगोल शिकवणाऱ्या माणसाशी दुश्मनी करायला कुणाला सवड असते? पण जे एक-दोन असतील त्यांच्यावरही येऊ नये.

केदारचा फोन आला तेव्हा मी दोडक्याच्या शिरा काढत होतो. "बाबा, आम्ही सोमवारी येतोय, चार दिवस. मला हायटेक सिटीत काम आहे, शिल्पा आणि गार्गी घरी थांबतील." मी दोडका हातात घेऊनच उठून उभा राहिलो. गार्गी म्हणजे आमची नात, दहा महिन्यांची. जन्म बेंगळुरूचा. आम्ही दोघं तिला तिकडे जाऊन बघून आलो होतो, पण तारनाक्याच्या आमच्या घरात तिनं अजून पाऊल ठेवलं नव्हतं. पाऊल तिला कुठेच ठेवता येत नाही अजून, पण मला काय म्हणायचंय ते कळलं असेल.

"फक्त एक आहे," केदार म्हणाला. आमच्या घरात वाईट बातमी नेहमी 'फक्त एक आहे' अशीच सुरू होते. "तिला नव्या जागेत झोप लागत नाही. पुण्याला शिल्पाच्या मावशीकडे गेलो तर इतकी रडली की दुसऱ्या दिवशी परत आलो. म्हणून गच्चीबावलीला एक हॉटेल बघून ठेवलंय, तिथं बाळांसाठी वेगळी सोय असते. दुपारी ती तुमच्याकडे नीट झोपली तर प्रश्नच नाही, संध्याकाळपर्यंत बुकिंग रद्द करता येतं. नाही झोपली तर आम्ही तिकडे जाऊ. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटून घेऊ नका म्हटल्यावर माणसाला दुसरं काय वाटून घेता येतं, ते एकदा कुणीतरी मला सांगावं. मी "छे, वाईट कशाला" म्हणालो आणि फोन ठेवून दोडका इतका सोलला की भाजीला काही उरलं नाही. तारनाक्यापासून गच्चीबावली नकाशावर एक वीत आहे आणि ट्रॅफिकमध्ये एक जन्म. नात तिकडे गेली म्हणजे हैदराबादेत येऊन आमच्याकडे आलीच नाही, असंच धरायचं. आणि एकदा हॉटेलची सवय लागली की पुढच्या वेळीही हॉटेल, त्याच्या पुढच्या वेळीही हॉटेल. मोठी झाल्यावर ती मैत्रिणींना सांगणार, माझे आजोबा हैदराबादला असतात, आम्ही त्यांना लॉबीत भेटतो. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर पाच मिनिटांत येऊन गेलं.

सुनीताला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, मी हे सांगितलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मी तेव्हाच म्हणाले होते."

तेव्हा म्हणजे बारशाच्या वेळी. आमच्यात बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला टोपडं घालून, दुपट्यात गुंडाळून पाळण्यात निजवतात. त्या दिवसापुरता तो वरवंटा राहत नाही, गोप्या होतो. गोप्याला झोके देऊन झाले की मग बाळाचा नंबर. गार्गीचं बारसं बेंगळुरूला एका हॉलमध्ये झालं. फुगे होते, केक होता, फोटोवाला होता. गोप्या नव्हता. सुनीतानं तेव्हापासून ते मनात धरून ठेवलं होतं, आणि मुलीला झोप येत नाही हे ऐकल्यावर तिचा खटला निकाली निघाला. "दगडाचा आणि झोपेचा काय संबंध?" मी म्हणालो. "संबंध नाही तर नाही," ती म्हणाली आणि तिनं पाट्यावर चटणी अशी काही वाटायला घेतली की मी दुसऱ्या खोलीत गेलो.

शिल्पानं, म्हणजे सुनेनं, स्वतः फोन करून समजावून सांगितलं. पोरगी गुणी आहे, आवाज मात्र दमलेला होता. गार्गीला सपाट अंथरूण लागतं, उशी नको, मोठ्यांच्या मध्ये झोपवायचं नाही, तिची तिची वेगळी जागा हवी. "तुम्ही काही करू नका आई, मी फोल्डिंगची कॉट तुमच्या पत्त्यावर मागवलीय. फक्त उघडून ठेवा."

फक्त उघडून ठेवा. ज्यानं ही कॉट बनवली त्याला एकदा माझ्यासमोर आणून बसवायला पाहिजे. पिशवीतून काढली तेव्हा ती छत्रीसारखी होती. मी एक दांडी ओढली तर दुसरी आत गेली. दुसरी ओढली तर पहिली आत गेली आणि माझं बोट मध्ये राहिलं. आवाज ऐकून समोरच्या फ्लॅटमधली मीना आली. मीनाचं माहेर नांदेडचं, सासर बरकतपुऱ्याचं आणि सल्ले सगळ्या जगाचे. "काका, कॉट कशाला? दोन सोफे समोरासमोर लावा, मध्ये गादी टाका. आमचा गौतम तसाच मोठा झाला." गौतम आता इंजिनिअरिंगला आहे आणि कॉलेजातही झोपतो असं त्याची आईच सांगते, तेव्हा पद्धत चांगली असावी. पण वेगळी जागा हवी, सोफा नको, हे मी तिला सांगितलं. "मग बाथटब?" ती म्हणाली. आमच्याकडे बाथटब नाही.

शेवटी आम्ही तिघांनी मिळून कॉटला बेडरूमच्या दारात धरलं, म्हणजे चौकटीचा आधार मिळेल, आणि मी म्हणालो, एक, दोन, तीन. तीनला कॉट उघडली. अर्धी उघडली आणि चौकटीत अडकली. आत जाईना, बाहेर येईना, बंद होईना. मीनानं तिला वाकून सगळीकडून पाहिलं आणि म्हणाली, "काका, आता ही भिंतीचाच भाग झाली."

आमची कपाटं बेडरूममध्ये आहेत. माझे शर्ट, माझ्या पॅन्ट्स, माझा चष्म्याचा जादा जोड, सगळं त्या कॉटच्या पलीकडे. बाहेर दोरीवर एक पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आणि एक बनियन वाळत होतं. यापुढे मी जिथे जिथे गेलो ते त्या पायजम्यात गेलो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं. वर मीनाच्या नवऱ्याचा शर्ट होता, तो मला पोटावर बसत नव्हता.

बेडरूम गेली म्हणजे हॉल उरला. हॉलमध्ये मुंग्या. शिवाय रविवार उजाडायला एक रात्र आणि सोमवार यायला दोन. तेव्हा सुनीताला कुसुमताईच्या पाळण्याची आठवण झाली. कुसुमताई म्हणजे सुनीताची थोरली बहीण, नल्लकुंट्याला राहते. तिच्याकडे जुना सागवानी पाळणा आहे, तळ सपाट, कठडे उंच, आत टणक गादी. शिल्पाच्या सगळ्या अटी त्यात बसत होत्या. एकच गोष्ट नव्हती. पाळणा टांगायला कडी लागते आणि आमच्या छताला कडी नव्हती.

आता तुम्ही म्हणाल कडी मारायला काय लागतं. मीही तसंच म्हणालो. आमच्या अपार्टमेंटमध्ये एका महाभागानं झुंबरासाठी छताला भोक पाडताना वरच्या माणसाच्या बाथरूमचा पाइप फोडला होता. तेव्हापासून असोसिएशनच्या परवानगीशिवाय स्लॅबला हात लावायचा नाही असा नियम आहे. असोसिएशनचे प्रेसिडेंट वेंकटेश्वर्लु गारू, गारू म्हणजे आपलं राव. ते पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून रिटायर झाले आणि राहतात आमच्या बरोब्बर डोक्यावर.

मी पायजम्यात वर गेलो. वेंकटेश्वर्लु गारूंनी आधी पायजमा पाहिला, मग मला पाहिलं, मग आत या म्हणाले. मी सगळं सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. माणूस इतका वेळ डोळे मिटून बसला की त्याला झोप लागली की काय अशी मला शंका आली. गार्गीला अशी झोप लागली असती तर किती बरं झालं असतं.

"वजन कितना?" त्यांनी डोळे उघडून विचारलं.

"आठ किलो."

"पाळणे का?"

"नै मालूम. लाकडी है."

"झूला देंगे तो लोड बढता, साब. और बच्ची भी बढती." त्यांनी कागद ओढून आकडे मांडायला घेतले. मी म्हणालो, चार दिवसांत बच्ची किती वाढणार. त्यावर त्यांनी मला इंजिनिअरिंगमध्ये नेहमी जास्तीचं धरतात हे सांगितलं आणि गार्गीला चाळीस किलोची करून टाकलं. मग पाळणा कोणत्या दिशेनं हलणार ते विचारलं. बीमच्या आडवा की उभा? मी भूगोलाचा माणूस, दिशेच्या बाबतीत मला कुणी कोंडीत पकडू शकत नाही. "पूर्व-पश्चिम," मी ठणकावून सांगितलं. बीम कुठून कुठे जाते हे मात्र मला माहीत नव्हतं. ते ओळखून वेंकटेश्वर्लु गारू गालात हसले.

मग मुख्य मुद्दा निघाला. "छत तुमारी, विठ्ठलराव साब. पर वोइच स्लॅब मेरी फर्श है. बीच का हिस्सा किसका?" यावर आमची अर्धा तास चर्चा झाली. माझं म्हणणं, कडी अर्ध्याच्या खालीच राहील. त्यांचं म्हणणं, भोक कुणाला सांगून थांबत नाही.

चर्चा चालू असताना मी पाणी मागितलं आणि ते स्वयंपाकघरात गेले. समोरच्या खोलीचं दार उघडं होतं. आत नवीकोरी कॉट, नीट उघडलेली, चारी पायांवर उभी, आणि वरचं प्लॅस्टिक तसंच. भिंतीवर चंद्र-चांदण्या चिकटवलेल्या. वेंकटेश्वर्लु गारू पेला घेऊन आले आणि मी कुठे बघतोय ते त्यांनी पाहिलं.

"पोते का कमरा," ते म्हणाले. "अमेरिका में है, डालस. पिछले साल आनेवाला था. फिर व्हिसा का कुछ हुआ. फिर बहू की नोकरी का." त्यांनी जाऊन दार ओढून घेतलं. ती कॉट चार दिवस द्या असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांनी दार ज्या हलक्या हातानं लावलं, ते बघून मला विचारवेना.

परवानगी त्यांनी दिली. कडी लावा, पण बच्ची घरात आहे तोवरच. ज्या दिवशी जाईल त्या दिवशी काढायची आणि भोक सिमेंटनं भरायचं. "मैं खुद आके देखूंगा," ते म्हणाले. मी हौ म्हणालो. त्या घडीला त्यांनी स्लॅबचा मधला हिस्सा स्वतःच्या नावावर मागितला असता तरी मी हौ म्हणालो असतो.

पाळणा आणायला निघालो तेव्हा सुनीतानं माझ्या हातात एक जड पिशवी दिली. आत वरवंटा, टोपडं आणि दुपटं. "ताई रिकामा पाळणा घराबाहेर काढू देणार नाही. येताना गोप्या घालून आण." मी म्हणालो, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, लोकांच्या नातीला झोप लागते.

कुसुमताईनं दारातच विचारलं, "विठ्ठलराव, गोप्या आणलाय ना?" माझ्या पायजम्याबद्दल ती काही बोलली नाही, तिचं सगळं लक्ष वरवंट्याकडे. तिनं त्याला पुसलं, टोपडं घातलं, गळ्याशी बंद बांधला, दुपट्यात गुंडाळलं आणि पाळण्यात निजवलं. वर आणखी एक शाल घातली, वारं लागू नये म्हणून. वारं वरवंट्याला. पाळणा उचलून ऑटोत बसलो आणि मांडीवर घेतला.

विद्यानगरच्या सिग्नलपर्यंत सगळं ठीक होतं. तिथं शेजारी स्कूटरवर एक बाई थांबल्या, त्यांनी पाळण्यात डोकावून पाहिलं. "अंकल, बच्चे का मूँ पूरा ढका है. खोलो ना." मी म्हणालो, ठीक आहे, चालतंय. "चालतंय क्या? दम घुटता उसका." ऑटोवाल्यानं आरशातून मागे बघितलं. "साब, हौ, खोलो. कब से रोया बी नै." मी म्हणालो, तो रडत नाही. "कित्ते दिन का है?" आता वरवंट्याचं वय मी काय सांगू? सुनीताच्या आईच्या लग्नातला आहे. मी म्हणालो, बराच मोठा आहे. ऑटोवाल्यानं आरशातून माझा पायजमा पाहिला, पोटावर न बसणारा शर्ट पाहिला, आणि त्याच्या मनात काय आलं ते मला त्याच्या मानेवरून कळलं. पोरं पळवणारे आता पाळण्यासकट पळवतात, असंच आलं असणार.

सिग्नल सुटल्यावर त्यानं ऑटो पुढे नेली ती थेट पोलिसाच्या शेजारी नेऊन गचकन थांबवली. त्या गचक्यात पाळणा तिरपा झाला आणि गोप्या टोपड्यासकट घरंगळून खाली पडला. धाड असा आवाज झाला. स्कूटरवाली मागून किंचाळली. ऑटोवाल्यानं डोळ्यांवर हात घेतले. मी वाकून गोप्याला उचललं, आणि पहिली गोष्ट काय केली तर त्याचं टोपडं सारखं केलं. का केलं, ते मला आजही सांगता येणार नाही.

"पत्थर है," मी पोलिसाला म्हणालो.

पोलिसानं दुपटं बाजूला करून पाहिलं. "पत्थर कू टोपी कायकू पिनाए?"

मी रस्त्याच्या मध्यावर, पायजम्यात, चहूबाजूंनी जमलेल्या लोकांना बारशाची पद्धत समजावून सांगितली. पाळणा रिकामा नेत नाहीत, रिकामा हलवत नाहीत, म्हणून हा. नात येणार आहे, तिला झोप येत नाही. तेवढ्यात एका म्हाताऱ्या बाईनं गोप्याला माझ्या हातातून घेतलं, तेलुगूत काहीतरी पुटपुटून त्याच्यावरून हात ओवाळून कानशिलाशी बोटं मोडली आणि पाळण्यात नीट निजवून टाकलं. पोलीस म्हणाला जाव. तिथून तारनाक्यापर्यंत ऑटोवाल्यानं इतकी सावकाश गाडी नेली की मागून सायकलवालेसुद्धा घंटी वाजवत होते. प्रत्येक खड्ड्याला तो मागे वळून म्हणायचा, "पकडो उसकू."

कडी लागली, पाळणा टांगला, गोप्याला घालून झोके देऊन पाहिले. छत पडलं नाही. मी मात्र दर तासाला उठून बघत होतो.

सोमवारी सकाळी मंडळी आली. केदारनं आत येताच चौकटीतली कॉट पाहिली, खालचं लाल बटण दाबलं, कॉट मिटली. "बटण होतं बाबा," तो म्हणाला. मी बेडरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं आणि स्वतःची पॅन्ट घातली. काही काही गोष्टींवर न बोललेलं बरं.

गार्गीनं मला पाहून चष्मा ओढला, सुनीताच्या मंगळसूत्राची चव घेतली, मीनाला पाहून हसली. सगळं उत्तम चाललं होतं. मग दुपार झाली. शिल्पानं पडदे ओढले, कॉट उघडली, गार्गीला ठेवलं. गार्गी रडली. उचललं, फिरवलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा रडली. पाळण्यात घातलं तर तिनं पाठीची कमान करून असा सूर लावला की वर वेंकटेश्वर्लु गारूंच्या खुर्चीचा आवाज आला. मीना दार ढकलून आत आली आणि म्हणाली, "सोफे लावू का?" सुनीतानं तिला बाहेर नेलं.

असा तासभर गेला. गार्गी लाल झाली होती, डोळे मिटत होते आणि मिटले की दचकून पुन्हा रडत होती. शिल्पा भिंतीला टेकून खाली बसली. "आई, मला वाटतं मलाच जमत नाही," ती हळूच म्हणाली आणि तिचे डोळे भरले. सुनीतानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी कोपऱ्यात उभा होतो. मला त्या क्षणी माझा पायजमा, माझा अपमान, काही आठवत नव्हतं. पोरगी झोपावी एवढंच वाटत होतं, इथं नाही तर नाही, पण झोपावी.

"बाबा, मी गाडी बोलावतो," केदार म्हणाला. त्याचाही चेहरा उतरला होता. मी मान हलवली. बॅगा दाराशी आल्या. शिल्पानं गार्गीला खाली गोधडीवर बसवलं आणि तिचे कपडे गोळा करायला लागली. पाळणा मघाच्या धक्क्यानं अजून आपला आपण हलत होता, रिकामा.

ते सुनीताला बघवेना. ती स्वयंपाकघरात गेली, गोप्याला घेऊन आली, टोपडं घातलं आणि पाळण्यात निजवलं. मग नुसतं निजवून कसं चालेल, म्हणून दोरी हातात घेऊन झोका दिला. गार्गी रडता रडता थांबली. तिनं पाळण्याकडे पाहिलं, कठड्याच्या फटीतून टोपडं पाहिलं. मग रांगत गेली, सुनीताच्या हातातली दोरी धरली आणि ओढली. पाळणा हलला. तिनं आमच्याकडे बघितलं, पुन्हा ओढली.

सुनीता तिच्या मागे गोधडी सरकवून बसली. गार्गी दोरी ओढत होती आणि तोंडानं अं अं अं असा आवाज काढत होती. शिल्पा माझ्या कानाशी म्हणाली, "बाबा, मी तिला असंच करते. हाच आवाज." पोरगी गोप्याला निजवत होती. थोड्या वेळानं तिचं अं अं अं लांब व्हायला लागलं, मग ती कलली, सुनीतानं अलगद गोधडीवर आडवं केलं, आणि गोप्याच्या आधी गोप्याची आई झोपली. शिल्पानं आधी तिच्या मुठीतली दोरी सोडवून वर कडीला अडकवली. सपाट अंथरूण, उशी नाही, मोठ्यांच्या मध्ये नाही, स्वतःची वेगळी जागा. सगळ्या अटी आमच्या हॉलच्या फरशीनं पाळल्या होत्या, मुंग्यांनीसुद्धा.

खाली गाडीनं हॉर्न दिला. केदार पायऱ्या उतरत धावत गेला आणि परत येऊन उंबऱ्यातच उभा राहून फोनवर काहीतरी दाबत बसला. "रद्द केलं," तो ओठांनी म्हणाला. मी आत जाऊन नळ सोडला आणि तोंड धुतलं. रडलो, लपवायचं काय त्यात.

चार दिवस असंच चाललं. आधी गोप्या, मग गार्गी. वरवंटा पाळण्यातून काढायची कुणाची छाती नव्हती, तेव्हा चटणी मिक्सरवर झाली. मिक्सरच्या चटणीला चव नसते असं आजवर म्हणणारी सुनीता ती निमूट खात होती.

निघताना शिल्पा म्हणाली, "बाबा, गोप्या आम्ही नेऊ का?"

"नाही," मी म्हणालो. जरा चढ्या आवाजातच. "तिला हवा असेल तर तिनं इथं यावं."

शिल्पा हसली आणि वाकून माझ्या पाया पडली. "बरं. दिवाळीला येतो," ती म्हणाली. हॉटेलचं नाव कुणी काढलं नाही.

त्याच संध्याकाळी वेंकटेश्वर्लु गारू आले. हातात टॉर्च आणि सिमेंटची पुडी. शब्दाला पक्का माणूस. मी हॉलमध्ये पाळण्याशेजारी खुर्ची टाकून बसलो होतो आणि, कबूल करायला हरकत नाही, दोरी माझ्या हातात होती. घर फार शांत झालं होतं.

"बच्ची गई?" त्यांनी दारातून विचारलं. त्यांनी कडीवर टॉर्च मारला, स्लॅब पाहिला, चीर नाही हे पाहिलं. मग टॉर्च खाली आणला तर पाळण्यात टोपडं. त्यांनी चट्कन टॉर्च विझवला. जवळ आले, वाकले, दुपट्याचं टोक वर केलं. बराच वेळ वरवंट्याकडे बघत राहिले. नंतर माझ्याकडे बघितलं. आता हा माणूस काय म्हणणार या धास्तीनं माझ्या हातातली दोरी थांबली.

त्यांनी दुपटं होतं तसं घातलं, गळ्याशी सारखं केलं.

"बच्ची तो अब्बी है, साब," ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले. "हुक कैसे निकालना?"

सिमेंटची पुडी त्यांनी खिशात घातली. मी दुसरी खुर्ची ओढली. ते बसले आणि त्यांनी हात पुढे केला. मी दोरी त्यांच्या हातात दिली.

पूर्व-पश्चिम, सावकाश, ते झोके देत होते. तेवढ्यात आत सुनीतानं चटणीसाठी मिक्सर लावला, आणि आम्ही दोघं एकदमच स्वयंपाकघराकडे वळलो. "अगं, हळू," मी म्हणालो. "मेल्लिगा, अम्मा, मेल्लिगा," ते म्हणाले. मिक्सर बंद झाला.